साठी, बुद्धी आणि ‘मी’: म्हातारपणी मेमरीचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कोणी सत्तरीच्या पुढे गेलं की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. कधी मुलगा विचारतो, कधी सून, आणि बऱ्याचदा पन्नाशीतली माणसं स्वतःबद्दलच घाबरून विचारतात. मी डॉक्टर नाही, आमच्या सासूबाईंचं सगळं करता करता वाचत गेले, न्यूरॉलॉजिस्टना पिडत गेले, त्यातून जे पक्कं कळलं तेवढंच इथे लिहिलंय. शंका असेल तर दाखवून घ्या, हे वाचून तपासणी टाळू नका.

मी ५२ वर्षांचा आहे. समोरचा माणूस ओळखीचा असतो पण नावच आठवत नाही. माझी सुरुवात झाली का?

बहुतेक नाही हो. नाव ओठावर येऊन अडणं ही वय वाढताना सगळ्यात कॉमन तक्रार आहे, आणि चाळिशीपासूनच ती सुरू होते. माणूस कोण, कुठे भेटला, त्याची मुलगी कुठे दिली हे सगळं आठवतं, फक्त नावाचा आवाज तेवढा सापडत नाही, कारण नावाला अर्थाचा आधार नसतो. १९८७ मध्ये इंग्लंडात एक प्रयोग झाला होता, त्यात चेहरे दाखवून काहींची आडनावं सांगितली आणि काहींचे धंदे, आणि शब्द मुद्दाम तेच ठेवले. आपल्याकडे म्हणायचं तर एकाचं आडनाव सुतार आणि दुसरा धंद्याने सुतार. शब्द एकच, पण धंदा लोकांच्या लक्षात राहिला आणि आडनाव विसरलं. का, तर सुतार म्हटलं की रंधा, लाकूड, भुसा सगळं डोळ्यासमोर येतं, आडनाव सुतार असेल तर त्यातलं काहीच येत नाही.

नाव अर्ध्या तासाने, आंघोळ करताना वगैरे आपोआप आठवलं तर निवांत राहा. ते आत आहे, काढायला वेळ लागतोय एवढंच.

मग साधं विसरणं कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो?

हा खरा प्रश्न. किती विसरतात हे मोजत बसू नका, विसरल्यावर रोजचं काम अडतंय का ते बघा. चावी कुठे ठेवली ते विसरणं साधं, चावी फ्रीजमध्ये सापडणं आणि ती तिथे कशी गेली याचा काही पत्ताच नसणं हे वेगळं. लग्नाला कोण कोण आलं होतं ते विसरणं साधं, लग्नाला आपण गेलो होतो हेच विसरणं वेगळं, आणि फोटो दाखवूनही "अगंबाई हो" असं होत नसेल तर अजून वेगळं. क्लू दिल्यावर आठवण परत येते का हे डॉक्टरसुद्धा बघतात.

घरात दिसणाऱ्या गोष्टी सांगते. तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा, आणि तिन्ही वेळा अगदी पहिल्यांदा विचारल्यासारखा चेहरा. चाळीस वर्षं केलेला पदार्थ मध्येच थांबणं, म्हणजे पुरण शिजवून ठेवलं आणि पुढे काय करायचं तेच सुचत नाही म्हणून ओट्यापाशी नुसतं उभं राहणं. पासबुक, लाइट बिल, पेन्शनचा हयातीचा दाखला, ही कामं जो माणूस आयुष्यभर चोख करायचा तो ती टाळायला लागतो किंवा एकच बिल दोनदा भरतो. नेहमीच्या रस्त्यावर चुकणं. पैशांची कामं आणि रस्ता या दोन गोष्टींवर माझा जास्त भर आहे, कारण तिथला गोंधळ घरच्यांना लवकर दिसतो. गप्पांमध्ये मात्र माणूस बरेच दिवस सांभाळून नेतो, "हो हो, तुम्ही कसे आहात" म्हणत. पाहुण्यांना तर अर्धा तास बसूनही काही कळत नाही आणि जाताना ते आपल्यालाच सांगतात की काही झालेलं नाहीये त्यांना, उगाच काळजी करता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बदल त्यांच्या स्वतःच्या आधीच्या वागण्याशी ताडून बघायचा. जे काका पंचवीस वर्षांचे असल्यापासून छत्री विसरतात त्यांनी पंच्याहत्तरीत छत्री विसरली तर ती बातमी नाही.

ब्रेनमध्ये नेमकं होतं काय? पेशी मरतात का?

आपल्या मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन्स असतात आणि रोज हजारो मरतात वगैरे जे फॉरवर्ड फिरतं ते सोडून द्या. आजार नसेल तर पेशी फारशा कमी होत नाहीत, कमी होतात ते पेशींमधले जोड, आणि लांबच्या भागांना जोडणाऱ्या वायरिंगवरचं आवरण झिजतं, म्हणून सगळंच थोडं हळू होतं. पासष्टीच्या माणसाला बँकेतल्या मशिनवर गडबडायला होतं त्यात निम्मी गोष्ट स्पीडची असते, मागे रांग उभी नसेल तर तोच माणूस सगळं नीट करतो.

दोन भागांवर वयाचा मारा जास्त. एक हिप्पोकॅम्पस, दोन्ही कानांच्या आत खोलवर असलेला, साधारण करंगळीएवढा भाग, नवीन घटना पक्की करणारा. म्हातारपणी तो वर्षाला साधारण १ ते २ टक्के आक्रसतो. दुसरा कपाळामागचा भाग, लक्ष देणं, एका वेळी दोन कामं सांभाळणं, आणि एखादी गोष्ट कुठून कळली हे लक्षात ठेवणं. हे शेवटचं घरोघरी दिसतं पण कोणी मेमरीच्या खात्यात धरत नाही. अमुक काढा घेतला की शुगर उतरते हे बाबांना पक्कं आठवतं, पण ते डॉक्टरांनी सांगितलं की कुठल्या व्हिडिओत पाहिलं ते आठवत नाही, आणि मग ते छातीठोकपणे डॉक्टरांच्या नावावर सांगतात. बाबा खोटं बोलत नसतात. माहिती राहते, तिचा पत्ता पुसला जातो. फोनवरून फसवणारे याच फटीतून शिरतात, म्हणून ओटीपीचं काम घरात दोघांनी मिळून करायचं असा नियमच करून टाका.

झोपेचंही तेच. गाढ झोप वयाबरोबर कमी होते आणि दिवसभराच्या आठवणी पक्क्या व्हायला तीच लागते.

सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही आणि १९६५ च्या शाळेतल्या गोष्टी मात्र खडान् खडा सांगतात. नाटक आहे का?

नाटक नाही. फ्रान्समध्ये रिबो नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १८८१ मध्येच लिहून ठेवलं होतं की मेंदूला इजा झाली की नवीन आठवणी आधी जातात, जुन्या टिकतात. नवीन आठवण हिप्पोकॅम्पसवर टेकून असते, जुनी वर्षानुवर्षं उगाळून मेंदूच्या इतर भागांत पसरलेली असते.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसात. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये सर्जनने त्याचा दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा बराच भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर २००८ मध्ये तो वारला तोपर्यंत त्याला नवीन घटना जवळजवळ लक्षातच राहिली नाही. रोज भेटणाऱ्या डॉक्टर त्याला रोज नवीन. गंमत म्हणजे ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली तर दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि दर वेळी त्याचं म्हणणं एकच, हे मी कधी केलेलंच नाही. म्हणजे हाताची मेमरी वेगळी आणि घटनांची मेमरी वेगळी.

शिवाय दहा ते तीस या वयातल्या आठवणी निरोगी म्हाताऱ्या माणसांतही इतर काळापेक्षा जास्त निघतात. पहिली नोकरी, लग्न, घर सोडणं, सगळं तेव्हाच झालेलं असतं आणि मी कोण हेही त्याच काळात ठरलेलं असतं.

आजी नातवाचं नाव विसरते पण हरिपाठ न अडखळता म्हणते. कसं काय?

वरचंच उत्तर. पाठांतर, चाल, टाळीचा ठेका हे सवयीच्या आणि हालचालीच्या मेमरीत बसलेलं असतं, ते शेवटपर्यंत टिकू शकतं. म्हणायला लावा, फायदा आहे, चिडचिड कमी होते. मध्येच थांबवून "आजी, हे कोणी शिकवलं" असं मात्र विचारू नका, तिथे गाडी अडते.

आठवणी गेल्या तर माणूस तोच राहतो का? म्हणजे आतला ‘मी’ जातो का?

यावर मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण घरच्यांच्या मनात हाच प्रश्न असतो, फक्त तोंडाने विचारत नाहीत.

आपल्याला वाटतं मी म्हणजे माझ्या आठवणींची बेरीज. पण स्वतःबद्दलची माहिती मेंदूत निदान दोन वेगळ्या प्रकारांनी ठेवलेली असते. अमुक दिवशी मी काय केलं हे एक, आणि मी कसा माणूस आहे, तापट की शांत, कंजूष की उदार, हे दुसरं. पहिलं पूर्ण पुसलं गेलं तरी दुसरं राहू शकतं.

कॅनडातली केस बघा, संशोधनात के.सी. या नावाने प्रसिद्ध. १९८१ मध्ये तिशीत मोटरसायकलचा अपघात झाला आणि त्याला स्वतःच्या आयुष्यातली एकही घटना अनुभवल्यासारखी आठवेना. भावाच्या मृत्यूसारखी गोष्टसुद्धा फक्त माहिती म्हणून, प्रसंग म्हणून नाही. अपघातानंतर त्याचा स्वभावही बदलला होता, आधीचा बिनधास्त गडी आता शांत झालेला. एंडेल टल्विंग या शास्त्रज्ञाने त्याला स्वतःच्या स्वभावाबद्दल प्रश्न विचारले आणि तेच प्रश्न त्याच्या आईलाही. के.सी.ची उत्तरं आईने केलेल्या त्याच्या आताच्या वर्णनाशी जुळली. म्हणजे एकही प्रसंग आठवत नसताना, अपघातानंतरचा आपला नवा स्वभाव त्याला कळलेला होता! कसा कळला? प्रसंग न साठवताही मेंदू त्याचा निचोड काढून ठेवू शकतो, असंच म्हणावं लागतं.

स्टॅन्ली क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने असाच एक म्हातारा पेशंट अभ्यासला, डी.बी., वय ७८. हृदय बंद पडल्यामुळे मेंदूला ऑक्सिजन कमी पडला आणि घटनांची मेमरी गेली, पण स्वतःच्या स्वभावाचं वर्णन तो नीट करायचा आणि ते मुलीने केलेल्या वर्णनाशी जुळायचं.

स्वतःबद्दल विचार करताना कपाळामागचा मधला भाग जास्त काम करतो, असं स्कॅनमध्ये दिसतं. आणि कुठलीही गोष्ट स्वतःशी जोडली तर जास्त लक्षात राहते, हे १९७७ पासून माहीत आहे आणि म्हातारपणीही ते बरंच टिकतं. म्हणून औषधाच्या गोळीचं नाव पाठ करून घेण्यापेक्षा "ही तुमच्या गुडघ्याची, सकाळच्या चहाबरोबरची" असं सांगा.

तर उत्तर, ‘मी’ सहज जात नाही. पण त्याची एक वेगळी अडचण होते, ती पुढच्या प्रश्नात.

आई म्हणते मला काहीच झालेलं नाही, तुम्हीच मला वेडं ठरवताय. ती लपवतेय का?

काही जण सुरुवातीला लपवतात, लाज वाटते म्हणून, भीती वाटते म्हणून. पण पुष्कळदा तिला खरंच दिसत नसतं. आपल्यात काही कमी झालंय हे न कळणं हेच आजाराचं लक्षण असू शकतं. बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरने १९१४ मध्ये लकवा झालेल्या पेशंटमध्ये हे पाहिलं होतं, हात उचलत नाही आणि पेशंट म्हणतो हात ठीक आहे. अल्झायमरमध्ये, म्हणजे मेमरी हळूहळू खाणाऱ्या मेंदूच्या आजारात, तेच मेमरीच्या बाबतीत होतं.

क्लाइननेच के.आर. या अल्झायमर झालेल्या बाईंचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. या बाईंनी स्वतःच्या स्वभावाचं जे वर्णन केलं ते घरच्यांनी केलेल्या आजाराआधीच्या वर्णनाशी जुळत होतं, आताच्या वागण्याशी नाही. पुढे २००९ मध्ये काही संशोधकांनी मांडलं की अल्झायमरमध्ये स्वतःचं चित्र जणू गोठून बसतं. रोजच्या नव्या चुका साठतच नाहीत, मग त्या चित्रात भर कुठून पडणार? के.सी.च्या मेंदूने जे जमवलं होतं तेच इथे जमत नाही.

आमच्या सासूबाईंना डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. गोल छान काढला. मग बारा ते सहा आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसवले, उरलेले गोलाच्या बाहेर ओळीने, आणि एक काटा दहावर, एक अकरावर. दहा मिनिटं म्हणजे काटा दोनवर, हे त्यांना कोणी सांगावं, आयुष्यभर प्राथमिक शाळेत घड्याळ शिकवलेली बाई. कागद डॉक्टरांकडे सरकवून म्हणाल्या, "घ्या, झालं. चहा झाला का तुमचा?" आणि जिन्यात मला, "असल्या टेस्टला कशाला घाबरायचं, माझं पहिल्यापासून सगळं चोख." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या आतली बाई अजून चोखच होती.

म्हणून पुरावे दाखवून भांडू नका. "बघ, काल पण तू असंच केलंस" याने काही होत नाही, कारण तो काल तिच्याकडे नाहीच, तुमच्या आवाजातला राग तेवढा तिच्याकडे राहतो. हो, तो राहतो. प्रसंग विसरला तरी त्यातून आलेलं वाईट वाटणं बराच वेळ टिकतं असं संशोधनातही दिसलंय. डॉक्टरांकडे नेताना मेमरीचं नाव काढू नका, बीपी आणि शुगरच्या रुटीन चेकअपला नेतोय म्हणा.

पण सगळ्यांनाच कळत नाही असंही धरून चालू नका. ज्याच्या नावावरून या आजाराला नाव पडलं त्या डॉक्टर अलॉइस अल्झायमरची पहिली पेशंट, ऑगस्टे डेटर, १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या हॉस्पिटलमध्ये आली तेव्हा ५१ वर्षांची होती. स्वतःचं नाव नीट लिहिता येईना तेव्हा ती म्हणायची, मी स्वतःलाच हरवून बसलेय. कळणं आणि न कळणं एकाच माणसात एकाच दिवशी येऊन जाऊन असतं. त्या कळण्याच्या वेळी जवळ बसा, उपदेश नको.

म्हणजे जो स्वतः तक्रार करतो तो सेफ?

थोडा जास्त सेफ, शंभर टक्के नाही. घरचे म्हणतात ठीक आहे आणि माणूस एकटाच म्हणतो माझं विसरणं वाढलंय, तर बहुतेक वेळा चिंता, डिप्रेशन, झोप नाहीतर कामाचा ताण निघतो. तरी अशी तक्रार सतत राहिली तर पुढे त्रास होण्याचा चान्स थोडा वाढतो, तेव्हा एकदा तपासून घ्यायला काय हरकत आहे. उलट केस, म्हणजे घरचे काळजीत आणि माणूस म्हणतो मी एकदम फर्स्टक्लास, ती मात्र रेंगाळू देऊ नका. डॉक्टरांकडे घरचा माणूस बरोबर हवाच, आणि दोन मिनिटं त्याच्याशी वेगळं बोलायला हवं.

बाबा आरशात बघून म्हणतात हा कोण म्हातारा आलाय. भीती वाटते.

आधी निरोगी माणसांचं सांगते. चाळिशीनंतर बहुतेकांना आपण खऱ्या वयापेक्षा साधारण २० टक्के तरुण वाटतो, डेन्मार्कमधला २००६ चा हा अभ्यास आहे. सत्तरीच्या माणसाला आतून छप्पन्नचं वाटतं. म्हणून लग्नाच्या फोटोत स्वतःला बघून "मी अशी दिसते?" हे सगळ्याच करतात.

डिमेन्शियात (मेमरी आणि विचारशक्ती ढासळत जाण्याला हे नाव, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) पुढच्या टप्प्यावर हे अंतर फारच वाढतं. आतला मी पस्तिशीचा आणि आरशात ऐंशीचा माणूस, मग तो परकाच वाटणार. त्यांना पटवत बसू नका. आरसा झाका किंवा काढा, रात्री खिडकीच्या काचेत प्रतिबिंब दिसतं तिथे पडदा ओढा. संध्याकाळी गोंधळ वाढतो, तेव्हा लाइट लवकर लावा. "मला घरी सोडा" असं स्वतःच्याच घरात म्हणतात तेही याच जातीतलं, त्यांना पन्नास वर्षांपूर्वीचं घर हवं असतं.

मेमरी ठीक आहे, पण स्वभावच बदललाय. हे वयाने होतं का?

वयाने होणारे बदल उलट बरे असतात. साधारणपणे माणूस वयाबरोबर जास्त जबाबदार आणि मनाने स्थिर होतो. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनात दिसलंय की उरलेला वेळ कमी आहे हे जाणवलं की माणसं भांडणं सोडतात, मोजकी नाती धरतात, चांगल्या गोष्टींकडे जास्त लक्ष देतात. म्हणून "म्हातारपणी माणूस खडूसच होतो" हे सरसकट खरं नाही, जो आधीच खडूस तो राहतो ते सोडा.

त्यामुळे पन्नास-साठच्या सुमारास एखादा सभ्य माणूस अचानक चारचौघांत घाणेरडं बोलायला लागला, बायको आजारी असताना त्याला काहीच वाटेना, गोडावर तुटून पडायला लागला, पैसे उधळायला लागला, तर म्हातारचळ म्हणून हसू नका आणि संस्कार काढू नका. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाचा प्रकार असतो, त्यात कपाळामागचा भाग आधी जातो आणि सुरुवातीला मेमरी बऱ्यापैकी शाबूत असते. घरच्यांचे हाल इथे जास्त होतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नातेवाइकांना विचारलं होतं की हा माणूस तुम्हाला तोच वाटतो का, तर मेमरी गेली तरी लोक "हो, तोच" म्हणत होते, पण चांगुलपणा गेला, माया गेली, प्रामाणिकपणा गेला की "हा आमचा माणूस नाही" म्हणत होते. मला हे अगदी पटतं. आमच्याकडे नावं गेली, वार गेले, पण घरी आलेल्याला पाणी विचारणं गेलं नाही, आणि तेवढ्यावर सगळे म्हणायचे की या त्याच आहेत.

निरोगी माणूस तरी स्वतःला नीट ओळखतो का?

नाहीच! २०१३ मध्ये १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून जास्त लोकांवरचा अभ्यास आला. सगळ्या वयांचे लोक म्हणाले गेल्या दहा वर्षांत आम्ही खूप बदललो, आणि पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही. तिशीतलेही तेच, साठीतलेही तेच.

वयाबरोबर काही सुधारतं का?

शब्दसंग्रह साठीपर्यंत वाढत जातो, नंतरही बराच काळ टिकतो. माणसांची पारख, कामातला अनुभव हेही. अमेरिकेत वॉर्नर शाई यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या सिअ‍ॅटलच्या दीर्घ अभ्यासात तीच माणसं दर सात वर्षांनी तपासली, आणि बऱ्याच क्षमतांमध्ये खरी घसरण साठीनंतरच, तीही हळूहळू दिसली. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांना हे ऐकवा.

डॉक्टर कोणत्या तपासण्या सांगतात? सगळं अल्झायमरच असतं का?

अजिबात नाही, आणि इथे लोक नशिबावर सोडून देतात याचा मला राग येतो. बी-१२ कमी असेल तर विसरणं, चिडचिड, हातापायाला मुंग्या होतात, आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत हे सर्रास सापडतं, पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने यावर कितीतरी वर्षं काम केलंय. थायरॉइड, शुगर, सोडियम, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या, काही अ‍ॅलर्जीच्या आणि लघवीच्या गोळ्या, यानेही मेमरी ढासळते. पडल्यानंतर काही आठवड्यांनी गोंधळ सुरू झाला तर डोक्यात रक्त साचलेलं असू शकतं, म्हणून स्कॅन. म्हणजे ब्लड टेस्ट, सीटी किंवा एमआरआय, आणि ३० मार्कांची प्रश्नोत्तरांची टेस्ट. मार्कांवर शिक्षणाचा परिणाम होतो, चौथी शिकलेल्या आजीचे २२ आणि प्रोफेसरांचे २२ एक नव्हेत, तेव्हा शिक्षण किती हे आधी सांगा.

दोन दिवसांत एकदम बरळायला लागले तर तो डिमेन्शिया नसून डिलिरियम असण्याची शक्यता जास्त, लघवीचं इन्फेक्शन किंवा न्यूमोनिया निघतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

कान तपासा. ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार.

शब्दकोडं, सुडोकू, ब्राह्मी, बदाम?

शब्दकोडं सोडवून शब्दकोडं सोडवायला चांगलं जमतं. आवडत असेल तर जरूर करा. गिंको नावाच्या महागड्या गोळ्यांवर अमेरिकेत ३,००० हून जास्त वृद्धांचा मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये निकाल आला, डिमेन्शिया टळला नाही. बदाम खा, बदाम म्हणून.

चालणं मात्र खरंच लागू पडतं. २०११ मध्ये १२० वृद्धांवर एक वर्ष प्रयोग झाला, चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्के वाढला आणि नुसते स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा १.४ टक्के कमी झाला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये १४ गोष्टींची यादी दिली, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, बहिरेपणा, मोतीबिंदूसारखी न सुधारलेली नजर, सिगरेट, दारू, एकटेपणा, कमी शिक्षण, प्रदूषण वगैरे, आणि त्या सगळ्या आटोक्यात आल्या तर जगातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असा त्यांचा अंदाज.

एक आपल्या बाजूची गोष्ट. हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ पेशंट बघितले, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं, दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला, शाळेत न गेलेल्यांमध्येसुद्धा. यामुळे टळतोच असं नाही, पण मराठी-हिंदी-कन्नड मिसळून बोलणाऱ्या सोलापूरच्या आज्यांना हे सांगायला मला फार आवडतं.

नवीन इंजेक्शन आलंय म्हणे?

अल्झायमरवरची दोन औषधं आहेत, लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली, डोनानेमॅबला २०२४ मध्ये. दोन्ही फक्त सुरुवातीच्या टप्प्यात. लेकॅनेमॅबच्या ट्रायलमध्ये १८ महिन्यांत घसरण २७ टक्के मंदावली, गेलेलं परत आलं नाही, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय लागतात. खर्च प्रचंड. कोणी "बरं करतो" म्हणालं तर उठून या.

भारतात हे किती जणांना आहे?

२०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अंदाजानुसार ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे साधारण ८८ लाख. बायकांमध्ये जास्त, खेड्यात जास्त. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे.

बाबांना आत्ताच निदान झालंय, अजून सगळं कळतं. पैशांचं आणि कागदपत्रांचं काय करायचं?

लगेच करा, दिवाळीनंतर बघू म्हणू नका. लोक पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून निर्धास्त होतात, पण आपल्या कायद्यात ज्याने ती दिली त्याची बुद्धी गेली की ती संपते, म्हणजे जेव्हा खरी गरज तेव्हाच ती उपयोगाची नाही. त्यामुळे बँकेची खाती जॉइंट करून घ्या, ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ लिहून, नॉमिनेशन सगळीकडे तपासा, आणि मृत्युपत्र आत्ता करा. मृत्युपत्राला करणारा शुद्धीत आणि समजत्या अवस्थेत असावा लागतो, निदान झालंय म्हणून ते आपोआप बाद होत नाही, पण पुढे भावाबहिणींत वाद नको असेल तर त्याच तारखेचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत लावा आणि साक्षीदार दोन घ्या, दोघंही मृत्युपत्रात ज्यांना काही मिळतंय त्यांच्यापैकी नकोत.

आणि त्याच आठवड्यात त्यांना विचारून घ्या, आजार वाढल्यावर हॉस्पिटलमध्ये नळ्या लावायच्या का, घरीच ठेवायचं का, गावचं घर कोणाकडे, कोणाशी अबोला आहे तो मिटवायचाय का. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा, तारीख टाका, जमलं तर फोनवर रेकॉर्ड करा. दोन वर्षांनी ते वेगळंच काही म्हणतील तेव्हा तुम्हाला ठरवायचंय आत्ताचं ऐकायचं की तेव्हाचं, त्यावर भावंडांत आधीच बोलून ठेवा.